विश्लेषण : छायाचित्रांतून गोष्ट सांगणारे यूजीन स्मिथ कोण होते?

अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ (१९१८-१९७८) हे ‘फोटो-निबंधा’चे मोठे नाव. फोटो-निबंध म्हणजे अनेक छायाचित्रांच्या मालिकेतून सांगितलेली एक गोष्ट.

‘कंट्री डॉक्टर’ कशामुळे गाजला?
दुसऱ्या महायुद्धात ओकिनावा येथे स्मिथ गंभीर जखमी झाले होते. त्यातून सावरल्यावर १९४८ मध्ये ‘लाइफ’साठी ते कोलोरॅडोतील क्रेमलिंगला गेले. पंचक्रोशीतील एकमेव डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्या मागे ते २३ दिवस फिरले. घरी जाऊन तपासलेले रुग्ण, जखमी मुलगी, शस्त्रक्रियेनंतर हाती कॉफीचा कप घेऊन थकून उभे असलेले डॉक्टर... सुटी छायाचित्रे केवळ प्रसंग दाखवतात. ओळीने लावल्यावर त्यांतून एका माणसाचे आयुष्य उलगडले.

मिनामातात काय घडले?
१९७१ मध्ये पत्नी आयलीन यांच्यासह ते जपानमधील मिनामाता येथे गेले. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांमार्फत माणसांच्या शरीरात जाऊन शेकडो कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती. जानेवारी १९७२ मध्ये कंपनीच्या माणसांनी स्मिथ यांना बेदम मारहाण केली. त्यांच्या दृष्टीवरही परिणाम झाला. तरीही काम थांबले नाही. १९७५ मध्ये ‘मिनामाता’ हे पुस्तक आले आणि पीडितांची कहाणी जगभर पोहोचली. तीन वर्षांनी स्मिथ यांचे निधन झाले.