समर्थांची दिनचर्या

आज वाचनात दासबोधाच्या अकराव्या दशकातला तिसरा समास आला, सिकवण निरूपण. पण आधी तो सांगणाऱ्याचं आयुष्य बघू. कारण शरीराकडे लक्ष देणं म्हणजे देहबुद्धी, असं आपल्याकडे बरेच भाविक धरून चालतात. आमच्या घरातच बघा ना. बाबांना शुगर आहे, तरी पोथी संपेपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. मागच्या महिन्यात पाटावरच चक्कर आली.

समर्थ आपल्या मराठवाड्यातलेच. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं गाव. १६०८ च्या रामनवमीचा जन्म, नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. सातव्या वर्षी वडील गेले. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून पळाले, ते थेट नाशिक.

तिथं टाकळीला, गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर, १२ वर्षं राहिले. पहाटे उठून सूर्यनमस्कार, मग नदीच्या पाण्यात उभं राहून दुपारपर्यंत जप, मग पंचवटीत माधुकरी, जेवण, आणि त्यानंतर श्रवण-लेखन. वाल्मीकी रामायण त्यांनी स्वतः उतरवून काढलं. ती हस्तलिखित प्रत आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे. मला यात तप दिसतंच, पण क्रमही दिसतो. एक काम संपलं की तीच पुढच्या कामाची खूण. आता काय करू, हे रोज नव्यानं ठरवायची गरजच नाही. आपली सवय बहुतेक तिथंच मोडते.

पुढची १२ वर्षं देशभर पायी फिरण्यात गेली. मग कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर झालं, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात त्यांनी ११ मारुती बसवले. दैवत निवडलं तेही बळाचं, हे विसरू नका.

पण आता भोवती होते ते संसारी लोक. शेती, वतन, पोरंबाळं असलेले. त्यांना कुठली आली १२ वर्षं? आणि समर्थांनी ती मागितलीही नाहीत. त्या समासात त्यांनी सांगितलेला दिवस अगदी साधा आहे. पहाटे उठा, थोडं पाठांतर करा, देवाला आठवा तेही आपल्या शक्तीप्रमाणे. शौच, तोंड धुणं, स्नान, पूजा. मग थोडा फलाहार, आणि त्यानंतरच संसाराचा धंदा. जेवण झाल्यावर पुन्हा वाचन, चर्चा. टाकळीच्या पाण्यात उभा राहिलेला माणूस आपल्याला मात्र कामाला जाण्याआधी काहीतरी खाऊन घ्या म्हणतोय! मी हा समास आधीही वाचला होता, पण फलाहारावर कधी थांबलोच नव्हतो.

शेवटची वर्षं सज्जनगडावर गेली. १६८२ साली माघ वद्य नवमीला तिथंच देह ठेवला, वय ७३.

रविवारी किनवटला घरी बाबांपुढे हाच समास काढून बसलो. वाद घातला नाही, फक्त फलाहाराच्या ओवीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. आता पूजेनंतर आणि पोथीच्या आधी मूठभर भिजवलेले शेंगदाणे नि दूध घेतात, मग डॉक्टरांनी दिलेली गोळी. संध्याकाळचं चालणं मात्र तीन दिवस झालं की अजून सुटतंय.

जय जय रघुवीर समर्थ.