बुद्धवचन मराठीत आणणारे धर्मानंद

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ साली पालीचे अध्यापन सुरू करणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण नाममात्रच झाले होते. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. घरची बागायत सांभाळत असता 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

१८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते पुण्यास आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा त्यांना आधार मिळाला. संस्कृताच्या अध्ययनासाठी ते काशीस गेले. तेथून नेपाळ गाठले. मात्र तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. महायान चीन-जपानकडे, वज्रयान तिबेटकडे गेला. पाली त्रिपिटक जपले ते सिंहल, ब्रह्मदेश यांसारख्या थेरवादी देशांनी. म्हणून १९०२ मध्ये त्यांनी श्रीलंकेतील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांचे शिष्यत्व पत्करले.

जीवनात दुःख आहे, ते तृष्णेतून उपजते, तृष्णेच्या निरोधाने ते संपते आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये मराठी माणसाला त्याच्या भाषेत सांगावीत, हा त्यांचा निश्चय होता. त्यासाठी कलकत्ता विद्यापीठातील जागा सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, एवढीच त्यामागील अपेक्षा होती. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. फर्ग्युसनमध्ये १९१८ पर्यंत त्यांनी पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान घडविले.

'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी रूढ कथेलाच हात घातला. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या कलहाच्या उद्वेगातून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे त्यांनी मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच पाणीतंटा आहे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून धर्मानंदांनी देह ठेवला. १९५६ साली नागपुरात लक्षावधींनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ते हयात नव्हते. बुद्धाकडे नव्याने वळलेल्या मराठी वाचकासाठी त्यांचे ग्रंथ मात्र सिद्ध होते.