धाडसी वैमानिक अमेलिया इअरहार्ट

या वेळी मी एका वैमानिक बाईची हकीकत निवडली आहे. धुक्यातून एस.टी. घाट उतरू लागली की माझ्या तर पोटात गोळा येतो. ही बाई रात्रभर वादळात, एकटी, भर समुद्रावर होती!

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ॲचिसन या गावी झाला. लहानपणी तिने मामाच्या मदतीने अवजारांच्या खोलीच्या छपरापासून जमिनीपर्यंत फळ्या लावल्या आणि खोक्यात बसून त्यावरून खाली आली. खोके मोडले, ओठ फुटला, पण बाईसाहेब खूश! १९२१ साली ती विमान चालवायला शिकली. शिकवणारीही एक बाईच होती, नेटा स्नूक.

१९२८ साली अटलांटिक महासागर विमानाने ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव गाजले. पण तेव्हा विमान पुरुषांनी चालवले, ही नुसती बसून गेली. आपण काय बटाट्याचे पोते, असे तिला वाटले. मला वाटते, पुढचे सगळे या रुखरुखीतूनच घडले.

२० मे १९३२ रोजी संध्याकाळी ती न्यूफाउंडलंड बेटावरील हार्बर ग्रेस येथून निघाली. विमान लाल रंगाचे, एका इंजिनाचे. थोड्या वेळाने उंची दाखवणारे यंत्रच बंद पडले. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल. पण पुढे ऐका. चंद्र ढगाआड गेला, विजा चमकू लागल्या, विमान हेलकावू लागले. ढगांच्या वर निघावे म्हणून ती चढली, तर थंडीने पंखांवर बर्फ धरला. बर्फाने विमान जड होते, पंखांचा आकारही बिघडतो आणि हवा त्यांना उचलून धरत नाही. तसेच झाले. विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागले! खालच्या उबदार हवेत बर्फ वितळला म्हणून सावरले, तोवर लाटांचा फेस दिसू लागला होता. आता कळले ना? वर जावे तर बर्फ, खाली जावे तर पाणी, आणि आपण किती उंचावर आहोत हे सांगणारा काटा बंद. रात्रभर ती अंदाजाने मधूनच विमान हाकत राहिली.

त्यातच इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा सांधा उकलला. त्यातून ज्वाळा दिसत होत्या. पुढे पेट्रोलही ठिबकू लागले. पोटात काय, तर टोमॅटोचा रस! जायचे होते पॅरिसला, पण जमीन दिसताच तिने उतरायचे ठरवले. आयर्लंडमध्ये रेल्वेचे रूळ धरून थोडी गेली आणि लंडनडेरीजवळ एका कुरणात उतरली. गाई बिचकल्या. जवळजवळ १५ तास झाले होते. तिच्या आधी एकट्याने, न थांबता हा महासागर ओलांडला होता तो चार्ल्स लिंडबर्गने, १९२७ साली.

१९३७ साली ती फ्रेड नूननला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जूनमध्ये कराचीहून कलकत्त्याला आली आणि आपला पावसाळा तिला भेटला. ब्रह्मदेशात अक्याबहून उडाल्यावर तर पावसाने तिला माघारी फिरवले. पुढे २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरात हाउलंड हे चिमुकले बेट शोधताना दोघे नाहीसे झाले. खूप शोध झाला, पण विमान सापडले नाही.

अटलांटिक ओलांडणारे ते लाल विमान मात्र वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे.