विश्लेषण : बेसबॉल खेळाडू ही संघमालकांची मालमत्ता? या नियमाला आव्हान देणारे जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड कोण होते?

अमेरिकेत हिवाळ्यात बेसबॉलचे सामने बंद असतात, पण चाहत्यांचे वाद जोरात असतात. शॉर्टस्टॉप कोणता घ्यावा, तरुण खेळाडूवर विश्वास ठेवावा की नावाजलेल्या ‘फ्री एजंट’वर पैसे ओतावेत, यावर खल होतो. २०२१ च्या अखेरीस टेक्सास रेंजर्सने शॉर्टस्टॉप कोरी सीगर यांच्याशी १० वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलरचा करार केला. मात्र, खेळाडूला आपला संघ निवडण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. त्यासाठी पहिला मोठा लढा उभारणारे जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड हेही शॉर्टस्टॉपच होते.

वॉर्ड कोण होते?

वॉर्ड यांचा जन्म ३ मार्च १८६० रोजी पेनसिल्व्हेनियातील बेलफाँट येथे झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. १८७८ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी ते प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाचे पिचर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ४७ सामने जिंकून दिले आणि संघ विजेता ठरला. १७ जून १८८० रोजी त्यांनी ‘परफेक्ट गेम’ टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिले नाही. १८८३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या संघात आले. खांदा दुखावल्यावर पिचिंग सुटले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा, म्हणजे शॉर्टस्टॉपची जबाबदारी घेतली. खेळता खेळताच १८८५ मध्ये त्यांनी कोलंबियातून कायद्याची पदवीही मिळवली.

‘राखीव कलम’ म्हणजे काय?

१८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी ठरवले, की प्रत्येक संघाने पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवायचे आणि इतरांनी त्यांना हात लावायचा नाही. पुढे हा आकडा वाढत गेला आणि जवळपास संपूर्ण संघच राखीव झाला. करार एका वर्षाचा असला तरी पुढच्या वर्षाचा हक्क संघाकडेच राही. नव्या करारातही तेच कलम असे. त्यामुळे हे चक्र संपतच नसे. आयपीएलमध्ये संघाने ‘रिटेन’ न केलेला खेळाडू लिलावात उतरू शकतो. येथे तीही वाट नव्हती. संघ मात्र खेळाडूला विकू शकत असे किंवा काढूनही टाकू शकत असे.

लढा कसा सुरू झाला?

ऑक्टोबर १८८५ मध्ये वॉर्ड आणि न्यूयॉर्कमधील सहकाऱ्यांनी ‘ब्रदरहुड’ ही खेळाडूंची संघटना स्थापन केली. १८८७ मध्ये एका मासिकातील लेखात वॉर्ड यांनी खेळाडू ही मालकाची मालमत्ता आहे का, असा थेट प्रश्न विचारला. १८८८-८९ च्या हिवाळ्यात ते एका जागतिक दौऱ्यावर गेले. ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्त आणि युरोपात सामने झाले. इकडे मालकांनी खेळाडूंचे पाच वर्ग पाडून वार्षिक वेतन १,५०० ते २,५०० डॉलरमध्ये बांधून टाकले. त्याच सुमारास न्यूयॉर्कने खुद्द वॉर्ड यांना १२ हजार डॉलरला वॉशिंग्टनला विकण्याचा घाट घातला. वॉर्ड यांनी जाण्यास नकार दिला आणि सौदा फिसकटला.

खेळाडूंची स्वतःची लीग का बंद पडली?

१८९० मध्ये ब्रदरहुडने आठ संघांची ‘प्लेयर्स लीग’ सुरू केली. तिच्यात राखीव कलम नव्हते आणि नफ्यात खेळाडूंचा वाटा होता. न्यूयॉर्क संघ वॉर्ड यांना रोखण्यासाठी न्यायालयात गेला. मात्र, खेळाडूला कायमचे बांधणारा आणि संघाला हवे तेव्हा मोकळे करणारा हा करार एकतर्फी असल्याने न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. नामवंत खेळाडू नव्या लीगकडे वळले. प्रेक्षकही नॅशनल लीगपेक्षा तिकडे जास्त आले. पण एकाच शहरात दोन-दोन संघ झाल्याने दोन्ही बाजूंना तोटा झाला. नव्या लीगमध्ये पैसा गुंतवणारे धास्तावले आणि त्यांनी खेळाडूंना बाजूला ठेवून जुन्या मालकांशी तडजोड केली. लीग एका हंगामातच संपली. वॉर्ड यांना त्याच जुन्या व्यवस्थेत परतावे लागले.

पुढे काय झाले?

१८९४ मध्ये निवृत्त होऊन वॉर्ड यांनी वकिली सुरू केली. १९०३ मध्ये शॉर्टस्टॉप जॉर्ज डेव्हिस यांच्यावरून न्यूयॉर्क आणि शिकागो संघांत वाद पेटला. डेव्हिस यांना न्यूयॉर्ककडून खेळायचे होते आणि त्यांची बाजू वॉर्ड यांनी लढवली. तरीही डेव्हिस यांना शिकागोकडेच जावे लागले. पुढे वॉर्ड काही काळ बोस्टन संघाचे अध्यक्षही होते. ६५ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ मार्च १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये त्यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, तेव्हाही राखीव कलम कायम होते.

हा हक्क अखेर कधी मिळाला?

कर्ट फ्लड यांनी या कलमाला दिलेले आव्हान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये फेटाळले. डिसेंबर १९७५ मध्ये मात्र लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांना मुक्त केले. करारानंतर संघाला फक्त एका वर्षाचा हक्क मिळतो, कायमचा नाही, असा हा निर्णय होता. आजही साधारण सहा वर्षांच्या सेवेनंतरच खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो. त्यानंतर मात्र निवड त्याची असते. आपल्या संघाने कोणाला घ्यावे, यावर चाहते भांडतात. कोणत्या संघाला होकार द्यायचा हे आता खेळाडूही ठरवतो. वॉर्ड यांची मागणी याहून वेगळी नव्हती.