गामांची ताकद आली कुठून?

१९१० मध्ये गामा पैलवान लंडनला पोहोचले, तेव्हा उंची कमी म्हणून त्यांना स्पर्धेत घेतले गेले नाही. मग त्यांनी जाहीर आव्हान दिले, अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला हरवले आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोसमोर उभे राहिले. झिबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून पडून राहिला. अडीच तासांहून अधिक चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली; आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो फिरकलाच नाही.

पूर्वीच्या माणसांची हाडेच वेगळी, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. गामांचे आयुष्य वेगळे सांगते.

१८७८ च्या सुमारास पैलवानांच्या घराण्यात जन्मलेल्या या मुलाचे नाव गुलाम मोहम्मद. वडील लवकर गेले. आजोळच्या वस्तादांनी त्यांना घडवले. लहानपणापासून रोज जोर, बैठका आणि मातीत एकामागून एक जोडीदारांशी झुंज. दतिया आणि पटियाला संस्थानांचा आश्रय मिळाल्याने दूध, तूप, बदामांचा खुराक कमी पडला नाही. त्याच काळात सामान्य भारतीयाचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांहूनही कमी होते. म्हणजे गामा त्यांच्या पिढीचा नमुना नव्हते, अपवाद होते.

तरीही ताकद घटल्याची तक्रार खोटी नाही. अमेरिकेत १९८५ च्या नोंदींशी तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तरुण पुरुषांच्या हाताची पकड आधीच्या तरुणांपेक्षा कमी भरली. तीस वर्षांत माणसाची जनुके बदलत नाहीत, कामे बदलतात. पाणी शेंदणे, दळणे, ओझी वाहणे सुटले. स्नायू आणि हाडे भार पेलतात तोवर बळकट होतात. भार काढला की शरीर त्यांच्यावरचा खर्च कमी करते. प्रथिने पुरेशी नसतील, तर नुसत्या कष्टानेही स्नायू भरत नाहीत.

१९२८ मध्ये पटियाल्यात झिबिस्को पुन्हा समोर आला. पन्नाशीच्या गामांनी त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. फाळणीनंतर ते लाहोरला राहिले. अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढग्रस्तीत गेली. २३ मे १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याइतकी ताकद सगळ्यांना येणार नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना झेपेल तेवढा भार देणे आणि तो हळूहळू वाढवणे पन्नाशीनंतरही जमते.