मुक्या दुखण्याचा शोधक : डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर

काही पुरुषांचे काम घरोघर पोचते, नाव मात्र मागेच राहते. वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘ग्रेज् ॲनॉटमी’ हा शारीरशास्त्रावरील ग्रंथ ठाऊक असतो. १८५८ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रे यांचा. परंतु त्यातील ३६३ आकृत्या ज्यांनी काढल्या, ते डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर ग्रंथ बाहेर पडला त्या वेळी मुंबईत दाखल झाले होते. आपल्या नव्या मुंबईहून खाडी ओलांडून भायखळ्यास गेले म्हणजे जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज लागते. याच ठिकाणी या थोर वैद्याने आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडातील हल या गावी झाला. वडील नामांकित चित्रकार असल्यामुळे चित्रकलेचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. पुढे लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेत असता त्यांची ग्रे यांच्याशी गाठ पडली. शवविच्छेदन करावे, जे दिसेल ते बारकाईने निरखावे व ते जसेच्या तसे रेखाटावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. अवयवांची नावे आकृतीच्या बाजूला न लिहिता त्यांनी ती त्या त्या अवयवावरच लिहिली. त्यामुळे कोणती शीर कोठून कोठे जाते, कोणता मज्जातंतू कोणत्या हाडाला वळसा घालतो, हे विद्यार्थ्यास एका दृष्टिक्षेपात उमगू लागले. एवढे करूनही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव ग्रे यांच्या नावापेक्षा लहान अक्षरांत छापले गेले. तोवर ते हिंदुस्थानात आले होते.

मुंबईत ते शारीरशास्त्राचे अध्यापक झाले. पुढे साताऱ्यास काही वर्षे सिव्हिल सर्जन होते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय त्यांनी हिंदुस्थानात पाहिले. पायास सूज येऊन छिद्रे पडणाऱ्या एका रोगाचे मूळ बुरशीत आहे असे त्यांनी दाखविले व १८६० साली त्या रोगास ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. ते नाव आजही प्रचारात आहे.

परंतु त्यांचे लक्ष विशेषेकरून वेधले ते महारोगाने, म्हणजे ज्यास आपण आज कुष्ठरोग म्हणतो त्याने. लोकांस त्या रोगात झडलेली बोटे व चिघळलेल्या जखमा तेवढ्या दिसत. कोणी त्यास पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणे, कोणी देवाचा कोप. ज्या हाताने निरोगी शरीरातील मज्जातंतू रेखाटले होते, त्याच हाताने कार्टर यांनी रोग्यांच्या शरीरातील मज्जातंतू चाचपून पाहिले व मृत्यूनंतर ते उघडून तपासले. ते जाड व कठीण झालेले आढळले. नॉर्वेतील वैद्यांनी असे निरीक्षण आधी केले होते. हिंदुस्थानातील रोग्यांविषयी ते सूक्ष्मपणे नोंदविण्याचे श्रेय कार्टर यांच्याकडे जाते. १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन यांना या रोगाचे जंतू दिसले. त्या सुमारास कार्टर यांनी नॉर्वेस जाऊन तेथील रुग्णालये पाहिली आणि १८७४ साली कुष्ठरोगावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या रोगावर त्या काळी गुणकारी औषध नव्हते. म्हणून रोग्यांस वेगळे ठेवून त्यांची नीट व्यवस्था करावी, असे त्यांचे मत होते. ते १८८८ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० साली, म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने मुंबईत कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. मराठी पोवाडे गोळा करणारे ते हेच ॲकवर्थ. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आज त्यांचेच नाव धारण करते. कार्टर १८९७ साली इंग्लंडातील स्कारबरो येथे क्षयाने निवर्तले.

त्यांच्या कामाचे मोल पुढे अधिकच स्पष्ट झाले. हिंदुस्थानात जन्मलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर वेल्लोर येथे दाखवून दिले की रोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे काटा रुतला, निखारा लागला, चप्पल चावली तरी वेदना होत नाही. रोगी तसाच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. वेदना हा शरीराचा पहारेकरी होय. तो मुका झाला म्हणजे घर लुटले जाते.

म्हणून जखम होण्यापूर्वीच मज्जातंतूची इजा ओळखली पाहिजे. त्वचेवर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसणे, तळपायास मुंग्या येणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे, तळवा कोरडा पडून भेगाळणे, चालताना पाऊल लोंबू लागणे ही तिची चिन्हे होत. वैद्य गुडघ्याच्या बाहेरील बाजूस व घोट्याच्या आतील हाडामागे मज्जातंतू चाचपतात. रोग्यास डोळे मिटावयास सांगून बॉलपेनच्या टोकाने किंवा ठरावीक दाबाने वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तळव्यास हलकेच स्पर्श करतात व स्पर्श कोठे झाला ते विचारतात. या तपासणीस काही मिनिटे पुरतात. मधुमेहाने होणारी पायाची बधिरताही अशीच कळते. म्हणून मधुमेही आजीआजोबांच्या पायांची तपासणी निदान वर्षातून एकदा झालीच पाहिजे.

आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यांत त्याचे औषध विनामूल्य मिळते व ते सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. ते सुरू होताच संसर्गाचे भय लवकरच संपते. रोग्यास घराबाहेर काढण्याचे काहीच कारण उरत नाही. मज्जातंतूची इजा नुकतीच झाली असेल तर वेळीच केलेल्या उपचारांनी पुष्कळदा संवेदना परत येते. जुनी झाली तर मात्र ती सहसा परत येत नाही. तरीही लोक काय म्हणतील या भीतीने चट्टा लपविला जातो, आणि ज्या महिन्यांत पाय वाचला असता ते हातचे निघून जातात.

विद्यार्थिमित्रहो, कार्टर यांच्यापाशी औषध नव्हते. होती ती केवळ नीट पाहण्याची सवय. आपल्यापाशी औषध आहे. वाशीच्या इमारतीत राहणारा असो वा पनवेलजवळच्या वाडीत राहणारा, प्रत्येकाने रात्री निजण्यापूर्वी स्वतःच्या व घरातील वडीलधाऱ्यांच्या तळव्यांकडे क्षणभर पाहावे. दुखणारा पाय आपली कहाणी आपणच सांगतो. न दुखणाऱ्या पायाची विचारपूस मात्र आपणांसच करावी लागते.