कोळशाची बॅटरी आणि अर्देशीर वाडिया

लोकलमध्ये उभे आहात, बोरिवली यायला अर्धा तास आहे आणि फोनची बॅटरी ४ टक्के. हे टेन्शन माहितीय ना? १८३० मध्ये मुंबईहून सुएझला निघालेल्या 'ह्यू लिंडसे' या आगबोटीचं असंच झालं होतं. केबिनमध्येसुद्धा कोळसा भरला होता, तरी एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता.

ही बोट बांधली होती मुंबईच्या गोदीत, वाडियांनी. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया (जन्म १८०८) तेव्हा तिथेच काम करत होते. लाकडी जहाजं ही घरची विद्या, पण त्यांना वेड लागलं वाफेचं. विहिरीचं पाणी चढवायला त्यांनी १ हॉर्सपॉवरचं इंजिन स्वतः बनवलं. १८३४ मध्ये माझगावच्या घरात गॅसचे दिवे लावले.

आता कोळसा इतका का लागायचा? बॉयलरचं गणित सोपं आहे. इंधनातली जेवढी उष्णता वाफेत उतरते, तेवढी त्याची एफिशियन्सी. बाकीची मुख्यतः धुराड्यातून गरम धुराबरोबर निघून जाते. आत क्षारांचा थर साचला की पाण्याला उष्णता कमी पोहोचते आणि धूर आणखी गरम होतो. म्हणूनच आजही कारखान्यात धुराचं तापमान आणि त्यातला ऑक्सिजन मोजतात. हवा जास्त सोडली तर तीच तापवण्यात इंधन जातं, कमी सोडली तर इंधन अर्धवट जळतं. बोटीवर तर वाया जाणारा कोळसाही सोबत वाहून न्यावा लागतो!

वाफेची यंत्रं नीट शिकायला अर्देशीर १८३९ मध्ये स्वखर्चाने इंग्लंडला गेले. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिलेच भारतीय. दुसरे रामानुजन, तेही थेट १९१८ मध्ये. त्याच १८४१ मध्ये ते मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर आणि यंत्रांचे इन्स्पेक्टर झाले. हाताखाली युरोपियन लोक! इथल्या इंग्रजी पेपरला ते रुचलं नाही, एका भारतीयाला हे झेपणार नाही असा त्याचा सूर होता. अर्देशीर त्या पदावर १८५७ पर्यंत राहिले. मधे १८५१ मध्ये 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात उतरवली, तिचे भाग स्वतःच्या फाउंड्रीत बनवलेले.

१८७७ मध्ये इंग्लंडमधल्या रिचमंडला ते वारले. १९६९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.